अडीनडीचा पंप आणि त्याच्या पाठीवरचा आकडा

आमच्या भागात गळीत हंगाम सुरू झाला की हवेचा वास बदलतो. कारखान्याची मळी, गुऱ्हाळाचा धूर आणि तोड झालेल्या फडात पेटवलेलं पाचट. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत दोरीवरच्या धुतलेल्या कपड्यांवर काजळीचे काळे तुकडे येऊन बसतात. मी सांगली जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. दिवसभर खडूची भुकटी आणि रात्री हा धूर. हंगामात पहाटे तीन-साडेतीनला छाती आवळल्यासारखी होऊन जाग यायची, श्वास सोडताना बारीक शिट्टी वाजायची आणि उठून बसल्याशिवाय हवा पुरायची नाही. सकाळी मात्र मी वर्गात पाढे म्हणून घ्यायला उभी असायचे, त्यामुळे घरच्यांना ते दुखणं वाटतच नव्हतं. हंगामाचा खोकला म्हणायचे सगळे.

गावातल्या दवाखान्यात गोळ्या मिळायच्या, कधी इंजेक्शन, कधी पातळ औषध. दोन दिवस बरं वाटायचं. शेवटी आमचे मुख्याध्यापकच म्हणाले, “बाई, एकदा मिरजेला जाऊन छातीच्या डॉक्टरांना दाखवून या.” मिरज म्हणजे आमच्याकडे दवाखान्यांचं गाव, सीमेपलीकडून कर्नाटकातलेही पेशंट तिथे येतात.

तिथे जे शिकले त्यातल्या एकाच वस्तूबद्दल मी लिहिणार आहे: दम लागला की लगेच आराम देणारा पंप, म्हणजे इनहेलर. घरात आम्ही त्याला अडीनडीचा पंप म्हणतो. माझ्या ओळखीत दोन्ही टोकांची माणसं आहेत. काही जण जीव घाबराघुबरा झाला तरी पंपाला हात लावत नाहीत, आणि काही जण खिशात पंप ठेवून दिवसभर तो मारत असतात आणि दुसरं कुठलंच औषध घेत नाहीत. दोघंही धोक्यात आहेत, आणि दोघांनाही ते कुणी नीट बसवून सांगितलेलं नसतं.

भेटीची वेळ घेतानाच फोनवर सांगितलं होतं की कुठला पंप चालू असेल तर तपासणीच्या आधी निदान चार तास मारू नका, पण त्रास झाला तर मात्र मारा आणि तसं आम्हाला सांगा. माझ्याकडे पंपच नव्हता. तपासणीच्या खोलीत नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली आणि समोरच्या सिस्टरांनी एकच धोशा लावला, “भरून घ्या, भरून घ्या… आता सोडा! जोरात, जोरात, अजून, अजून, थांबू नका!” छातीत काही उरलंय असं वाटत नव्हतं तरी त्या सोडून घ्यायला लावत होत्या. पडद्यावरची रेघ वर जाऊन पुढे पोटात खचल्यासारखी खाली आली. मग त्यांनी एका फुग्यासारख्या पारदर्शक नळकांड्यातून पंपाचे चार फवारे एकेक करून दिले आणि पंधरा मिनिटं बाहेर बसायला सांगितलं. परत आत गेले, परत फुंकले. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा आधी १.९ लिटर होती, ती आता २.३ लिटर झाली.

डॉक्टरांनी ते दोन आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहिले. औषधानंतर १२ टक्क्यांहून जास्त आणि २०० मिलिलिटरहून जास्त फरक पडला तर श्वासनळ्या आवळलेल्या होत्या आणि औषधाने सैल झाल्या असं समजतात. माझा फरक २१ टक्के. वर्षानुवर्षांच्या त्या खोकल्याला त्या कागदावर पहिल्यांदा दमा असं नाव मिळालं. मला रडू आलं हे खरं आहे, पण ते भीतीनं आलं नव्हतं. पहाटे तीनला मी उगाच उठून बसत नव्हते, हे कुणीतरी मोजून दाखवलं होतं.

डॉक्टरांनी मग समजावलं. दम्यात श्वासनळीत दोन गोष्टी होतात. नळीभोवतीचे स्नायू आवळतात, आणि नळीचं आतलं अस्तर सुजून त्यात चिकट कफ धरतो. अडीनडीच्या पंपात सालब्युटामॉल असतं. ते स्नायूंना सैल करतं, तेही काही मिनिटांत, आणि त्याचा परिणाम चार ते सहा तास राहतो. सुजेला मात्र ते हातही लावत नाही. सूज उतरवायला रोजचा पंप लागतो, ज्यात थोड्या मात्रेचं स्टेरॉइड असतं. तो मारल्यावर तिथल्या तिथे काहीच वाटत नाही, दिवस जातील तसा गुण येतो. आता गंमत अशी की पेशंटला जो लगेच आराम देतो तो पंप खरा वाटतो आणि जो खरं काम करतो तो बिनकामाचा वाटतो. “म्हणून लोक रोजचा सोडतात आणि अडीनडीचा धरून बसतात,” डॉक्टर म्हणाले, “आणि आत सूज वाढत राहते. मग एक दिवस असा येतो की स्नायू सैल झाले तरी सुजेनं नळी बंदच राहते.”

हे एका डॉक्टरांचं मत नव्हे. दम्यावरच्या उपचारांची दिशा ठरवणाऱ्या ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ या संस्थेने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं की मोठ्या माणसांचा आणि किशोरवयीन मुलांचा दमा फक्त सालब्युटामॉलसारख्या पंपावर सांभाळू नये. सोबत स्टेरॉइडचा पंप हवाच, दमा सौम्य असला तरी. त्यामागे जुना इतिहासही आहे. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये आयसोप्रीनलिन या अशाच, नळी सैल करणाऱ्या औषधाचे जास्त ताकदीचे पंप सर्रास वापरले जाऊ लागले आणि दम्याने मरणाऱ्या तरुणांची संख्या वाढली. न्यूझीलंडमध्येही १९७० च्या दशकाच्या शेवटी फेनोटेरॉल नावाच्या औषधाबाबत तसंच झालं. सालब्युटामॉल, जे १९६९ मध्ये बाजारात आलं, त्या मानाने हृदयाला पुष्कळ सौम्य. पण एकट्याने सगळं निभावून नेण्याची अपेक्षा त्याच्याकडूनही करायची नसते.

आमच्या आत्यांची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, हरकत वेगळीच होती. पिशवीतून दोन पंप निघालेले बघून त्या म्हणाल्या, “अगं, पंपाची सवय लागती. एकदा तोंडाला लागला की सुटत न्हाई. गोळीवर भागतंय तवर गोळी घ्यावी.” ही समजूत आमच्याकडे घरोघरी आहे. गोळी साधी, इंजेक्शन त्याहून मोठं आणि पंप म्हणजे अखेरचं औषध. मी त्यांना हिशेब करून दाखवला. सालब्युटामॉलची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे ४ मिलिग्रॅमच्या एका गोळीत चाळीस फवाऱ्यांएवढं औषध, आणि ते पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगभर फिरून मग छातीत पोचणार. हात थरथरणार, छातीत धडधडणार. पंपाचं औषध थेट जिथे हवं तिथे जातं म्हणून एवढंसं पुरतं. आत्या हिशेबाला पक्क्या आहेत, डेअरीच्या दुधाच्या पट्टीतली चूक त्या बोटावर काढतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि “मग गोळी का देत्यात?” एवढंच विचारलं. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

हा पंप निघाला कसा तेही मी मुलांना शिकवताना सांगते. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीज या कंपनीच्या प्रमुखाच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. काचेच्या नाजूक फवारणीयंत्राचा रबरी फुगा दाबून दाबून ती कंटाळली होती. माझं औषध केसांच्या फवाऱ्यासारखं डब्यात का नाही घालता येत, असं तिने वडिलांना विचारलं. १९५६ मध्ये मोजून फवारा देणारा पहिला पंप बाजारात आला. शाळकरी मुलीच्या एका प्रश्नातून जगभरच्या खिशांत बसणारी वस्तू तयार झाली, हे सांगताना वर्गातल्या मुलींचे चेहरे बघण्यासारखे असतात.

पण पंप हातात असणं आणि पंपाचं औषध छातीत जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिरजेला हे शिकवण्यासाठी एक वेगळ्या सिस्टर होत्या. त्यांच्याकडे औषध नसलेला सरावाचा पंप होता आणि भिंतीवर आरसा. माझ्या आधी एक काका बसले होते, कित्येक वर्षांचे पंपवाले. सिस्टर म्हणाल्या, “नेहमी घेता तसा घेऊन दाखवा.” काकांनी झाकण काढलं, तोंड उघडलं, फस्स केलं आणि मग श्वास घेतला. आरशात त्यांच्या तोंडातून धुरासारखा फवारा परत बाहेर येताना सगळ्यांना दिसला. “काका, हे बाहेर आलं ते सगळं औषध गेलं,” सिस्टर शांतपणे म्हणाल्या. औषध लागत नाही म्हणून काका रोज जास्त जास्त फवारे मारत होते.

मग माझी पाळी. सिस्टरांनी शिकवलं ते असं. आधी झाकण काढून तोंडाकडच्या भोकात बघायचं. पर्समध्ये पंप उघडा राहिला तर नाणं, सेफ्टी पिन, गोळीच्या पाकिटाचा तुकडा आत जाऊन बसतो, आणि श्वासाबरोबर तो सरळ छातीत जाऊ शकतो. मग पंप हलवायचा, चांगला. मान सरळ, पाठ सरळ. श्वास सावकाश पूर्ण बाहेर सोडायचा, पण पंपात नाही. तोंडाचा भाग दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटायचे, जीभ खाली. आता हळूहळू श्वास आत ओढायला सुरुवात करायची आणि सुरुवात होताच डबा एकदा दाबायचा. दाबल्यावरही ओढणं चालूच, तीन ते पाच सेकंद, अगदी सावकाश. इथेच बहुतेकांची गाडी अडते, कारण दम लागलेला माणूस घाईने हवा ओढतो आणि घाईने ओढलेला फवारा घशाच्या मागच्या भिंतीवर आपटून तिथेच राहतो. आत ओढून झाल्यावर पंप बाहेर काढून तोंड मिटायचं आणि दहा आकडे श्वास धरायचा, निदान जमेल तेवढा. मग सावकाश सोडायचा. दुसरा फवारा हवा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून. एका श्वासात दोनदा दाबायचं नाही.

दाबणं आणि ओढणं यांचा मेळ ज्यांना बसत नाही त्यांच्यासाठी स्पेसर असतो, ते पारदर्शक नळकांडं. फवारा त्यात थांबतो आणि माणूस आपल्या वेगाने तो ओढून घेतो. मला मेळ जमत होता तरी सिस्टरांनी स्पेसर घ्यायलाच लावला. त्यांचं म्हणणं मला पटलं: इथे खुर्चीवर बसून जमतंय ते रात्री तीन वाजता घाबरलेल्या अवस्थेत जमेलच असं नाही. स्पेसरमध्येही एका वेळी एकच फवारा, आणि फवारल्यावर लगेच ओढायला लागायचं. तो महिन्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचा आणि पुसायचा नाही, तसाच वाळू द्यायचा. फडक्याने पुसलं की प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध त्या भिंतीलाच चिकटून बसतं. विज्ञान मी शिकवते, पण हे मला पहिल्यांदाच कळलं.

आपल्याकडे रोटाहेलरही पुष्कळ चालतो, कॅप्सूल घालून ओढायचा. त्याचा नियम नेमका उलटा आहे: त्यात पूड असते, ती उडायला हवी म्हणून जोरात आणि खोल ओढायचं. माझ्याबरोबरच्या एक बाई रोटाहेलरही सावकाश ओढत होत्या आणि पूड त्यातच राहत होती. ज्यांच्याकडे दोन्ही प्रकार आहेत त्यांनी हा फरक डोक्यात पक्का बसवून घ्यावा. आणि त्या कॅप्सूल गिळायच्या नसतात, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आवर्जून सांगावं. दुकानातून त्या इतर गोळ्यांबरोबर एकाच पुडीत येतात.

आता आकड्याबद्दल. माझ्या पंपाच्या पाठीवर एक लहानशी खिडकी आहे आणि तीत उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा दिसतो. नवा पंप २०० फवाऱ्यांचा. डॉक्टरांनी मला वही घालायला सांगितली: तारीख, वेळ, किती फवारे, कशामुळे. त्यांचा प्रश्न दर भेटीला हाच असतो. तुम्ही बऱ्या आहात का असं ते विचारत नाहीत, आकडा कुठे आलाय ते विचारतात. आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा अडीनडीचा पंप लागला, किंवा दम्यामुळे रात्री झोपमोड झाली, तर दमा ताब्यात नाही असं धरायचं. वर्षाला तीन किंवा जास्त डबे संपवणाऱ्यांना मोठा झटका येण्याचा धोका वाढतो. आणि महिन्याला एक डबा, म्हणजे वर्षाला बारा, तिथे जिवाचाच धोका वाढतो. महिन्याला एक म्हणजे दिवसाला साधारण सहा-सात फवारे. ऐकायला हा आकडा मोठा वाटत नाही. सकाळी दोन, शाळा सुटल्यावर दोन, रात्री दोन. असे कितीतरी जण आपल्या आजूबाजूला आहेत, आणि औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय डबा मिळत राहतो म्हणून त्यांना कुणी थांबवून विचारतही नाही. मला या बाबतीत फार तळमळ वाटते. आपल्या घरात कुणी असं असेल तर पंप हिसकावून घेऊ नका. त्यांना डॉक्टरांकडे न्या आणि रोजचा पंप सुरू करून घ्या. मग अडीनडीचा आपोआप कमी लागतो.

ज्या पंपावर आकडा नसतो त्यावर सुरू केल्याची तारीख लिहून वहीत फवारे मोजावेत. डबा हलवून बघणं किंवा पाण्यात टाकून तरंगतो का बघणं, दोन्ही बेभरवशाचं. औषधाचे फवारे संपल्यावरही आत वायू उरतो आणि फस्स असा आवाज येतच राहतो. नवा पंप असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल तर आधी काही फवारे हवेत मारून बघायचे. किती ते आतल्या कागदावर लिहिलेलं असतं. प्लॅस्टिकचा भाग आठवड्यातून एकदा डबा काढून कोमट पाण्याखाली धुवायचा आणि पूर्ण वाळवायचा, धातूचा डबा मात्र पाण्यात नाही. तो उन्हात, गाडीत, चुलीजवळ ठेवायचा नाही. रिकामा झाला तरी कचऱ्याबरोबर पेटवायचा नाही, फुटतो. आमच्या गावात परसात कचरा जाळतात म्हणून हे मी ग्रामपंचायतीच्या सफाईवाल्या मावशींनाही सांगितलंय.

पंप मारल्यावर माझा हात थोडा थरथरतो. फळ्यावर अक्षर हलतं हे मुलांनीच आधी पाहिलं. छातीत थोडा वेळ धडधडतं. दोन्ही काही वेळाने जातात. पण वरचेवर भरपूर फवारे घेतले तर रक्तातलं पोटॅशियम कमी होऊन हृदयाचे ठोके बिघडू शकतात, हेही डॉक्टरांनी सांगून ठेवलं. त्यांनी माझी इतर औषधं एकेक करून विचारली. प्रोप्रानोलॉल, जे अर्धशिशीला आणि हाताच्या कंपालाही देतात, ते दम्याच्या माणसाच्या श्वासनळ्या आवळू शकतं आणि पंपाचा परिणामही रोखतं. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायच्या टिमोलॉलच्या थेंबांनीसुद्धा असं होऊ शकतं. थेंब म्हणून कुणी डॉक्टरांना सांगतच नाही. काहींना ॲस्पिरिन आणि त्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांनी दमा उसळतो. तेव्हा कुठल्याही दवाखान्यात पाय ठेवला की पहिलं वाक्य “मला दमा आहे” हे असावं, दात काढायला गेलात तरी.

आमच्याच शाळेतल्या एका मॅडमना एकच पंप आहे, रोज तोच आणि अडीनडीला तोच. त्यात स्टेरॉइडबरोबर फॉर्मोटेरॉल आहे. ते सालब्युटामॉलसारखंच लवकर काम सुरू करतं, म्हणून अशी पद्धत चालते आणि आता तिलाच पहिली पसंती देतात. पण दिसायला तसाच एक पंप सॅल्मेटेरॉलचा असतो. त्याला वेळ लागतो, तो दम लागल्यावर कामाचा नाही. रंगावरून ओळखू नये. कंपनी बदलली की रंग बदलतो. नाव वाचावं आणि आपला कुठला कशासाठी हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. मी पंपांवर पांढरी पट्टी चिकटवून शाईने ‘रोज’ आणि ‘अडीनडी’ असं लिहिलंय. रोजचा मारला की चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरा थर येतो आणि आवाज बसतो. आवाजावर पोट असणाऱ्या शिक्षकाला हे विसरून चालत नाही.

डॉक्टरांनी दिलेला सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे झटक्याच्या वेळी काय करायचं तो. मला त्याचा उपयोग पुढच्याच हंगामात झाला. संध्याकाळी मळ्याच्या वाटेला कुणीतरी फड पेटवला आणि वारा आमच्या घराकडे होता. खिडक्या लावल्या तरी धूर शिरला. आधी कोरडा खोकला, मग छाती भरून आली, मग वाक्य पुरं होईना. एका दमात पुरं वाक्य बोलता येत नाही ही कागदावरची पहिली धोक्याची खूण. ह्यांनी कागद कपाटाच्या दारावरून काढला आणि मोठ्याने वाचत गेले. आडवं व्हायचं नाही, सरळ बसायचं, ब्लाऊजची वरची हुक सैल. स्पेसरमधून एक फवारा, चार श्वास. परत हलवून एक फवारा, चार श्वास. असे चार. मग चार मिनिटं थांबायचं. ह्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून मला काटा बघायला लावला. आत्या माझी पाठ चोळत होत्या आणि म्हणत होत्या, “हळू घे बाई, हळू.” सिस्टरांचाच सल्ला त्या देत होत्या.

चार मिनिटांनी थोडं सैल वाटलं, पुरेसं नाही. पुन्हा चार. तरीही शिट्टी थांबेना, तेव्हा कागदावर लिहिलं होतं तसं ह्यांनी १०८ ला फोन लावला आणि गाडी येईपर्यंत फवारे तसेच चालू ठेवले. गाडीत ऑक्सिजन लावला, दवाखान्यात नेब्युलायझर, म्हणजे औषधाचं धुकं करून देणारं मशीन, लावलं आणि स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. पहाटेपर्यंत श्वास जागेवर आला. तिथल्या डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं की घरी फवारे वेळेवर सुरू केलेत ते फार बरं झालं. आणि हेही सांगितलं की स्पेसरमधून नीट घेतलेले फवारे साध्या-मध्यम झटक्यात नेब्युलायझरइतकेच काम करतात, त्यामुळे “मशीन लावलं तरच बरं वाटतं” म्हणत वाट बघत बसू नये.

माझ्या कागदावर थेट १०८ लावायच्या खुणाही आहेत: ओठ किंवा नखं निळसर होणं, गुंगी येणं, आणि छातीतली शिट्टी एकदम बंद पडूनही माणसाची धडपड चालू राहणं. शिट्टी थांबली म्हणजे आराम पडला असं घरच्यांना वाटतं. खरं तर हवाच आत-बाहेर होत नसते म्हणून आवाज येत नाही. हा मुद्दा मी दहा जणांना सांगितला असेल, एकालाही आधी माहीत नव्हता. प्रत्येकाचा कागद वेगळा असतो. फवारे किती, थांबायचं किती, हे आपल्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावं. श्वास किती जोरात सोडता येतो ते दाखवणारं, फुंकायचं एक छोटं मीटरही त्यांनी मला दिलंय. माझा चांगल्या दिवसाचा आकडा ४००. ३२० च्या वर असेल तर ठीक, त्याच्या खाली आला की सावध, आणि २०० च्या खाली गेला की घरी थांबायचं नाही.

त्यानंतर शाळेतही आम्ही व्यवस्था केली. पाचवीतल्या एका मुलाला दमा आहे. त्याचा पंप आधी कार्यालयाच्या कुलूपबंद कपाटात असायचा आणि किल्ली शिपाईमामांकडे. आता तो त्याच्या दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात असतो, आणि त्याच्या आईवडिलांनी डॉक्टरांकडून लिहून आणलेला कागद वर्गाच्या कपाटाच्या आत चिकटवलेला आहे. खो-खोच्या आधी पंधरा मिनिटं तो दोन फवारे घेतो, डॉक्टरांनीच तसं सांगितलंय, आणि पळतो. मुलं सुरुवातीला बघत राहायची. मी वर्गासमोर माझा पंप काढून मारला आणि रायकरच्या त्या मुलीची गोष्ट सांगितली. तेव्हापासून कुणी बघत नाही.

राहिल्या आत्या. जन्मभर चुलीपुढे बसलेल्या, सकाळी उठल्यावर खोकल्याची उबळ ठरलेली. एकदा जिना चढून आल्यावर त्या मला म्हणाल्या, “तुझ्यातला एक फस्स दे बघू.” मी दिला नाही, त्यांना मिरजेला घेऊन गेले. त्याच खोलीत त्याच सिस्टरांनी त्यांना फुंकायला लावलं. औषधानंतरचा त्यांचा आकडा जवळजवळ तिथेच राहिला. डॉक्टर म्हणाले, हा दमा नव्हे, धुरानं फुप्फुसं झिजल्याचा आजार आहे, सीओपीडी. त्यांना वेगळं औषध मिळालं, दिवसातून एकदा रोटाहेलरमधून ओढायचं, आणि घरात गॅस असूनही पाणी तापवायला पेटणारी ती परसातली चूल बंद करायला सांगितलं. चुलीवरून घरात आठवडाभर धुसफूस झाली. आता सोलर बसवायचं चाललंय.